इटलींतील जोडनांवें

इतिहासाच्या पुस्तकांत ‘मायकेलअँजेलो’ हें नांव वाचतांना तें एक कीं दोन, अशी शंका आमच्या वाचकांस आली असेलच. मुळांत तीं दोन आहेत. ‘मिकेले’ म्हणजे पवित्र शास्त्रांतील मिखाएल, व ‘आंजेलो’ म्हणजे देवदूत. दोहोंचा संधि होऊन ‘मिकेलांजेलो’ झालें. अशीं जोडनांवें इटलींत पुष्कळ आढळतात. ‘जोव्हान्नी’ म्हणजे योहान. दुसऱ्या नांवास जोडतांना तें आखडून ‘जान’ होतें. शिल्पकार बेर्निनी (१५९८–१६८०) याचें नांव ‘जानलोरेंझो’ हें असेंच झालें आहे.

या सर्वांत ‘जांबात्तिस्ता’ हें नांव विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तें ‘जान’ व ‘बात्तिस्ता’ मिळून झालें. संस्कृतांतील परसवर्णाप्रमाणेंच पुढें ‘ब’ आल्यामुळें ‘न्’चा ‘म्’ झाला. अर्थ, बाप्तिस्मा करणारा योहान. फ्लॉरेन्स व जिनोआ या दोन्ही नगरांचा हा संरक्षक संत. नेपल्सचे तत्त्वज्ञ व्हिको (१६६८–१७४४) व पार्माचे मुद्रक बोदोनी (१७४०–१८१३), ज्यांच्या नांवाचें अक्षरवळण रोमन लिपीच्या छपाईंत आजहि वापरतात, हे दोघेहि जांबात्तिस्ताच. ‘बात्तिस्ता’चें पोर्तुगीज रूप आपल्याकडे आडनांव होऊन आलें, लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) कोणास ठाऊक नाहींत?

परंतु नांवाबरोबर गुण येतोच असें नाहीं. चित्रकार काराव्हाज्जो (१५७१–१६१०) याचेंहि नांव मिकेलांजेलोच. ख्रिस्तचरित्रांतील प्रसंग त्यानें अपूर्व रंगविले; पण १६०६ सालीं रोममध्यें त्याच्या हातून मनुष्यवध झाला व त्यास पळून जावें लागलें. ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ असें म्हणून आम्हीं त्यास सोडून द्यावें काय? १६०८ सालीं माल्टा बेटांत त्यानें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचें भव्य चित्र काढलें. त्याची सही असलेलें हें एकच चित्र. योहानाच्या मानेंतून भूमीवर सांडलेल्या रक्तांतच त्यानें आपलें ‘मिकेलांजेलो’ हें नांव आखडून लिहिलें आहे. त्याच्या मनांत काय होतें, हें तोच जाणे; पण तें चित्र पाहतांना देवदूताच्या नांवाचा भार त्यास कळला असावा, असें आम्हांस वाटतें.

बारशास असो वा बाप्तिस्म्यास, नांव दुसरे ठेवतात. त्यास शोभेसें वागणें मात्र ज्याचें त्यानेंच शिकावयाचें असतें.