प्रवेशिका-नीला अतिदाबजन्य रक्तस्राव
प्रवेशिका-नीला अतिदाबजन्य रक्तस्राव : जठर, आतडी व प्लीहा यांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या प्रवेशिका नीलेतील दाब वाढला म्हणजे ग्रसिकेच्या खालच्या भागातील व जठरातील नीला फुगतात, त्या फुटून होणारा रक्तस्राव. प्रवेशिका नीला व यकृत नीला यांमधील दाबांतील फरक प्राकृतावस्थेत १ ते ५ मिमी. (पारा) असतो, तो १२ मिमी. च्या वर गेल्यास नीला फुटण्याचा धोका उत्पन्न होतो.

अतिमद्यपान, ब व क प्रकारचे यकृतशोथ, मेदयुक्त यकृत इत्यादींमुळे होणारा यकृत् सूत्रण रोग हे याचे प्रमुख कारण होय. भारतात मात्र, विशेषतः लहान मुलांत, प्रवेशिका नीलेत गुठळी होऊन असा रक्तस्राव बऱ्याचदा आढळतो. अशा मुलांचे यकृत बहुधा कार्यक्षम असते आणि वेळीच उपचार झाल्यास ती सहसा दगावत नाहीत. यकृत् सूत्रण रोग्यांत मात्र अद्यापि शेकडा १५ ते २० रुग्ण सहा आठवड्यांत मृत्यू पावतात.

रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा मल, घेरी व थंड घाम ही लक्षणे होत. जठरव्रणातही ती दिसत असल्याने निश्चित निदान अंतर्दर्शकानेच होते. ही तपासणी १२ तासांच्या आत व्हावी लागते. रायगड जिल्ह्यातील पेण-रोहे भागातील निडीसारख्या गावातून रुग्णास मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे असल्यास या अवधीचा काही भाग प्रवासातच खर्ची पडू शकतो. म्हणून टर्लिप्रेसीन वा ऑक्ट्रिओटाइड आणि प्रतिजैव औषध निदानाची वाट न पाहता, शक्य तर हलविण्यापूर्वीच, देतात. रक्ताधान बेताने करतात. रक्तारुण (हीमोग्लोबिन) ७ ते ८ ग्रॅमच्या आसपास ठेवणे पुरेसे असते, कारण अतिरेकी रक्ताधानाने दाब वाढून रक्तस्राव पुन्हा उसळतो. ग्रसिकेतील नीलांस अंतर्दर्शकातून रबरी कडी बसवितात, तर जठरातील नीलांत सायनोॲक्रिलेट हा चिकट पदार्थ टोचतात. फुग्याच्या नळीचा दाब हा तात्पुरता उपाय असून तो २४ तासांहून अधिक ठेवीत नाहीत. एवढ्यानेही रक्तस्राव न थांबल्यास यकृतातून धातूच्या जाळीदार नळीने रक्तास पर्यायी मार्ग काढून देतात.

प्रतिबंध हा यातील अधिक फलदायी भाग होय. यकृत् सूत्रण रोगाचे निदान होताच नीलांची तपासणी करणे इष्ट असते. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या औषधांनी दाब कमी होतो. दमेकऱ्यांस ती बहुधा चालत नाहीत. त्यांस कडी बसविणे हा पर्याय असतो. एकदा रक्तस्राव झालेल्यांस औषध व कडी दोन्ही लागतात. बरे वाटले म्हणून औषध सोडणे घातक ठरते. मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे लागते आणि ॲस्पिरीन व तत्सम वेदनाशामके वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.