विहीर, टँकर आणि सूर्याचं पाणी

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून शेअर रिक्षात बसणारा बाहेरचा माणूस सहसा माणिकपूरला जायला निघालेला नसतो. त्याला किल्ला बघायचा असतो, तहसील कार्यालयात दाखला काढायचा असतो, नाहीतर पापडीला लग्नाला जायचं असतं. माणिकपूर त्याला वाटेत लागतं, आणि तेही नाक्यावर रिक्षा तुंबते म्हणून. इथं जन्म काढलेली माणसंसुद्धा परगावी गेली की ‘वसईला राहतो’ म्हणून मोकळी होतात.

कागदोपत्रीही हे नाव आक्रसत गेलं. ३ जुलै २००९ पर्यंत इथं नवघर-माणिकपूर नगर परिषद होती. त्या दिवशी ती, विरार, नालासोपारा आणि वसई या तिच्या तीन भावंडांसह आणि ५३ ग्रामपंचायतींसह, वसई-विरार शहर महानगरपालिकेत विलीन झाली. महापालिकेच्या लेखी आता उरली ती प्रभाग समिती ‘एच’. २००१च्या जनगणनेत नवघर-माणिकपूरची लोकसंख्या १ लाख १६ हजारांच्या घरात होती. दहा वर्षांनी अख्ख्या महापालिकेची मोजदाद झाली ती १२ लाखांवर गेली, आणि त्या आकड्यात माणिकपूर कुठं गेलं ते शोधायच्या फंदात कुणी पडलं नाही.

मग हे गाव ओळखायचं कशावरून? पाट्यांवरून तर नाहीच. आनंदनगर, साईनगर, शास्त्रीनगर, विशालनगर ही नावं कुठल्याही शहरात सापडतील. बिल्डरांचा शब्दकोश तसा तोकडाच. मी इथं नव्यानं ओळख झालेल्या माणसाला आडनाव किंवा गाव विचारत नाही, घरात पाणी कुठलं येतं ते विचारतो. ‘आमची विहीर आहे’ म्हणणारा वेगळा, ‘टँकर मागवतो’ म्हणणारा वेगळा आणि ‘सूर्याचं येतं, पण दिवसाआड’ म्हणणारा आणखी वेगळा. तो इथं कधी आला आणि कुठल्या गल्लीत राहतो, याचा अंदाज तेवढ्यावर येतो.

विहीरवाले सगळ्यात जुने. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये आणि चिमाजीआप्पांनी ती घेतली १७३९ मध्ये. या दोनशे वर्षांत वसई परिसरात जी चर्चेस उभी राहिली त्यांतलं माणिकपूरचं सेंट मायकल. त्याच्या स्थापनेचं साल १६०६ दिलं जातं. तेव्हाची वसई खाड्यांनी मुख्य भूमीपासून तोडलेली होती. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये मिठागरं. अशा जागी केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलं पिकवायची म्हणजे गोडं पाणी जमिनीत धरून ठेवणं आलं. त्यासाठी वसईकरांनी जी युक्ती काढली तिचं नाव बावखल.

बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. ना त्याला दगडी घाट, ना काठावर देऊळ. पावसाळ्यात वाडीचं पाणी उताराउतारानं त्यात जमतं, तळाशी मुरतं आणि शेजारच्या विहिरीत गोडं होऊन उतरतं. जमिनीखालून आत येऊ पाहणाऱ्या खाऱ्या पाण्याला हे मुरलेलं पाणी रेटून धरतं. बावखल गाळानं भरलं किंवा मुद्दाम बुजवलं, तर विहीर लगेच आटत नाही. आधी तिचं पाणी मचूळ लागायला लागतं. मग चहाची चव बिघडते, मग पानवेल मान टाकते. विहिरीवर रहाट होता तोवर उपसा रहाटाच्या वेगानंच व्हायचा. पंप आला आणि जमिनीला दम घ्यायला वेळ मिळेनासा झाला.

या वाड्यांचा माल मुंबईत पोचवला रेल्वेनं. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. पुढं पहाटेच्या गाडीनं टोपल्या घेऊन निघणाऱ्या भाजीवाल्या आणि फुलवाल्या बायका हीच कित्येक वर्षं मुंबईच्या लेखी वसईची ओळख होती. गाडी माल घेऊन जात होती तोवर सगळं ठीक होतं. नंतर ती माणसं घेऊन परत येऊ लागली.

गिरगाव-परळच्या खोल्यांतून, अंधेरी-मालाडच्या भाड्याच्या घरांतून लोक इकडं आले ते वन रूम किचन परवडत होतं म्हणून. कोकणातले, गुजराती, मंगळुरी, मल्याळी, उत्तर भारतीय, सगळेच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जमीन विकणारा इथलाच होता आणि भाव चढले तेव्हा खूशही होता. अडचण अशी झाली की इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या गच्चीवर टाक्याही बसल्या, पण टाकीत सोडायला पाणी नव्हतं. ती पोकळी टँकरनं भरली. शेजारच्या हिरव्या गावांतल्या विहिरींवर पंप बसले आणि तिथलं गोडं पाणी रात्रंदिवस शहराकडं वाहू लागलं.

१९८८-८९ च्या सुमारास हरित पट्ट्याची बंधनं सैल करण्याच्या हालचाली झाल्या आणि १९९० मध्ये सिडकोकडं नियोजनाचे अधिकार गेले. त्याच काळात हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली. तिच्या अग्रभागी होते नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. पुढं जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच. बाहेरच्या जगाला ते ‘सुबोध बायबल’चे लेखक म्हणून ठाऊक, वसईत मात्र अनेकांना ते मोर्च्यातले फादर म्हणून आठवतात. या चळवळीमुळं काय वाचलं आणि काय नाही, यावर इथं अजून वाद होतात. माझं मत विचाराल तर पश्चिमेकडच्या गावांत जी हिरवाई शिल्लक आहे तिचं बरंचसं श्रेय या चळवळीला जातं. माणिकपूर मात्र स्टेशनच्या इतकं जवळ की त्याचा सौदा आधीच होऊन गेला होता.

तरीही जुनं-नवं इथं अगदीच फटकून राहिलं असं नाही. स्टेशनच्या बाजूच्या विद्यावर्धिनी संस्थेच्या महाविद्यालयाची पाटी एकदा थांबून वाचावी: अण्णासाहेब वर्तक कला महाविद्यालय, केदारनाथ मल्होत्रा वाणिज्य महाविद्यालय, ई. एस. आंद्राडीस विज्ञान महाविद्यालय. वर्तक, मल्होत्रा, आंद्राडीस. पाटी लिहिणाऱ्या पेंटरला बिचाऱ्याला अक्षरं बारीक करावी लागली असतील, पण या गावाची बेरीज इतक्या थोडक्यात दुसरीकडं लिहिलेली सापडणार नाही. चर्चमध्येही तेच. वसईचा ख्रिस्ती समाज शतकानुशतकं मराठी बोलणारा, मराठीतून प्रार्थना करणारा. बाहेरून आलेल्या कॅथलिकांसाठी इंग्रजी मिस्साही होते. २९ सप्टेंबर हा संत मायकलचा सण, आणि गणेशोत्सव, नवरात्र याच्या मागेपुढेच येतात. डिसेंबरात वसईचे नाताळ अंक निघतात. दिवाळी अंकांच्या वाचकानं ते एकदा चाळायलाच हवेत: तोच थाट, त्याच कथा-कविता, जाहिरातीत तीच सहकारी बँक आणि तोच केटरर.

आता सूर्याकडं वळू. सूर्या नदीवरचं धामणी धरण मुळात पालघर-डहाणू-विक्रमगडच्या आदिवासी शेतीला पाणी देण्यासाठी बांधलेलं. त्यातलं पाणी टप्प्याटप्प्यानं वसई-विरारकडं वळलं. एमएमआरडीएच्या नव्या योजनेत दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची आखणी आहे. पैकी १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. तिकडच्या शेतकऱ्यांनी या वळवण्याला वेळोवेळी विरोध केला. म्हणजे आधी शेजारच्या गावाची विहीर, मग उत्तरेकडच्या आदिवासी शिवाराचं धरण. शहराची तहान लांब लांब जाते, एवढाच फरक.

सोसायट्यांत यावर एक घरगुती जातिव्यवस्थाच तयार झाली आहे. सूर्याचं पाणी प्यायचं आणि शिजवायचं, बोअरिंगचं भांडी-कपड्यांना आणि संडासला, टँकर पाहुणे आले किंवा पाइप फुटला की. वॉचमनला व्हॉल्व्हच्या वेळा पाठ असतात. सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून भांडण होतं खरं, पण खुर्च्या सरकतात त्या टँकरच्या बिलावरून. शेजाऱ्याचं नाव माहीत नसलेली माणसं या एका विषयावर सलग दोन तास एकमेकांशी बोलतात.

येणाऱ्या पाण्याइतकीच जाणाऱ्या पाण्याचीही गोष्ट आहे. जुलै २०१८ मध्ये चार-पाच दिवस पाऊस कोसळला आणि वसई बुडाली. लोकल थांबल्या, वीज गेली, मिठागरातली माणसं अडकून पडली. माणिकपूर, दिवाणमान, साईनगर, चुळणे या भागांत तळमजल्यांवर पाणी शिरलं. महापालिकेनं आयआयटी मुंबई आणि नीरी या संस्थांची समिती नेमली; तिनं सुचवलेल्या उपायांत पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे धारण तलाव होते. हा अहवाल वाचताना हसावं की रडावं कळेना. खोलगट जागी तळं राखून ठेवा म्हणजे वस्तीत पाणी चढणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ आणावे लागले. बावखलं मात्र आपण एकेक करून डेब्रिजनं भरत आलो, आणि त्यासाठी कुणाचा अहवाल लागला नाही.

ग्रामपंचायती महापालिकेत ओढल्या गेल्या तेव्हा गावांनी जो विरोध केला, तो शहराबाहेरच्यांना निव्वळ घरपट्टीचा वाद वाटला होता. ही गावं महापालिकेतून वगळण्याचं प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं रेंगाळलं. घरपट्टी त्यात होतीच. पण ज्याच्या वाडीत बावखल आहे त्याला आराखड्यातला हिरवा रंग पुसला जाणं म्हणजे काय हे नेमकं कळत होतं.

माणिकपूर पाहायचं असेल तर जुलैत या, आणि येण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा. मोठ्या भरतीच्या वेळेला पाऊस असेल तर स्टेशनपासून नाक्यापर्यंत चालत जा, तिथून बाभोळ्याच्या दिशेनं. रस्त्यावरचं पाणी कुठं घोट्याला लागतं, कुठं गुडघ्याला आणि कुठं अजिबात नाही, ते लक्षात ठेवा. मग दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथं आधी काय होतं. भात होता, मीठ होतं की तळं होतं, ते तो सांगेल. आणि बोलायच्या मूडमध्ये असेल तर जमीन कुणाची होती आणि कितीला गेली, तेही.