गतिबदल पेटीतील द्रवगळती, स्वयंचलित

मोटारगाडीच्या स्वयंचलित गतिबदल पेटीतील द्रव तिच्या जोडांतून, सीलांतून, नळ्यांतून किंवा कवचाच्या तड्यातून बाहेर झिरपणे अथवा वाहणे याला द्रवगळती म्हणतात. व्यवहारात ही पेटी ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्स’ या नावाने ओळखली जाते. एंजिनातील वंगणतेलाचा काही अंश ज्वलनात खर्ची पडतो; गतिबदल पेटीत ज्वलन होत नसल्याने तिच्यातील द्रव सहसा असा खर्च होत नाही. म्हणून पातळी उतरली, तर द्रव कोठून तरी निसटला आहे असेच समजावे लागते. नुसता द्रव पुन्हा भरणे हा त्यावरील उपाय नव्हे. गळणारा द्रव कोणता, तो कोठून गळतो आणि किती वेगाने गळतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच गळती घरी थांबविता येईल की नाही, हे ठरविता येते.

हा निर्णय घरीच घेण्याची गरज मोठ्या शहरांपासून दूरच्या गावांत अधिक भासते. कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरील मलकापूर (ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर) हे याचे चांगले उदाहरण आहे. गावाच्या आग्नेयेस सुमारे ४५ किमी. वर कोल्हापूर आहे, तर पश्चिमेस रस्ता आंबा घाटातून कोकणात उतरतो. स्वयंचलित पेटीची उकल करून दुरुस्ती करण्याची सोय मुख्यतः कोल्हापूरसारख्या शहरांत असते. त्यामुळे गाडीखाली डाग दिसल्यावर ती घाटात न्यावी, कोल्हापूरपर्यंत चालवीत न्यावी की जागेवरच थांबवावी, हे मालकालाच ठरवावे लागते.

द्रवाचे कार्य : या पेटीतील द्रव एकाच वेळी चार कामे करतो. एंजिन व दंतचक्रे यांच्यामध्ये असणाऱ्या परिपीडन परिवर्तकात (पिळाचा जोर बदलणाऱ्या द्रवचालित साधनात) तो शक्ती वाहून नेतो. दाबाखाली झडपांमधून जाऊन क्लचांच्या तबकड्या एकमेकींवर दाबून धरतो. दंतचक्रांना व धारव्यांना वंगण पुरवितो आणि निर्माण झालेली उष्णता शीतकाकडे नेतो. पातळी फार खाली गेली की पंप द्रवाबरोबर हवाही ओढतो. हवा संकोचनशील असल्याने दाब पुरेसा राहत नाही, क्लचांच्या तबकड्या घसरू लागतात, त्या घर्षणाने तापमान वाढते आणि तबकड्यांचे अस्तर जळते. अल्प किंमतीच्या सीलमधील गळतीकडे दुर्लक्ष झाल्यास संपूर्ण पेटी निकामी होते ती या क्रमाने. घाट चढताना परिवर्तकात उष्णता अधिक निर्माण होत असल्याने हा धोका वाढतो.

इतिहास : द्रवाच्या साहाय्याने शक्तिप्रेषण करण्याच्या साधनाचे एकस्व जर्मन अभियंते हेर्मान फटिंगर यांनी १९०५ मध्ये घेतले; त्याचा आरंभीचा उपयोग जहाजांत झाला. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने ‘हायड्रा-मॅटिक’ ही पेटी १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्डस्मोबील गाड्यांसाठी बाजारात आणली. याच कंपनीने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ आणि १९६७ मध्ये ‘डेक्सरॉन’ हे द्रवाचे विनिर्देश ठरविले. आरंभीच्या द्रवांत घर्षणगुण सुधारण्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल मिसळीत. १९७० नंतरच्या काळात त्याची जागा संश्लेषित समावेशकांनी घेतली. भारतात दीर्घकाळ हाताने गती बदलावयाच्या गाड्यांचेच प्राबल्य होते. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या ‘सेलेरिओ’ गाडीपासून अल्पमोली स्वयंचलित गतिबदल सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. तथापि या प्रकारात नेहमीच्याच दंतचक्र पेटीचा क्लच व गतिबदल यांत्रिक साधनांनी हलविला जातो. तीत परिपीडन परिवर्तक नसतो आणि सामान्यतः साधे दंतचक्र तेल असते. पट्टा व कप्पी असलेल्या अखंड गतिबदल पेटीचा आणि दुहेरी क्लचाच्या पेटीचा द्रवही निराळा असतो. म्हणून गाडीत कोणत्या प्रकारची पेटी आहे, हे मालकाच्या हस्तपुस्तिकेतून प्रथम निश्चित करणे अत्यावश्यक आहे. पुढील विवेचन परिपीडन परिवर्तकाच्या पेटीस अनुलक्षून आहे.

द्रवाची ओळख : गाडीखाली दिसणारा प्रत्येक ओलावा म्हणजे गळती नव्हे. वातानुकूलन यंत्राचे पाणी रंगहीन व गंधहीन असते. एंजिनाचे तेल पिंगट किंवा काळे असते. शीतनद्रव हिरवा, निळा, गुलाबी वा तांबडा असू शकतो. पण तो पाण्यात सहज मिसळतो व बोटांना तेलकट लागत नाही. गतिबदल पेटीचा नवा द्रव बहुधा तांबड्या रंगाचा, पातळ व तेलकट असतो आणि जुना होताना तपकिरी होत जातो. हा तांबडा रंग केवळ ओळखीसाठी मिसळलेला असतो. सर्वच उत्पादक तो वापरीत नाहीत. काही गाड्यांच्या सुकाणूची द्रवचालित यंत्रणाही हाच द्रव वापरते, त्यामुळे तिची टाकीही तपासावी.

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून चाकांच्या जागा त्यावर खुणेने दाखविल्यास सकाळी डागाचा रंग व स्थान दोन्ही समजतात. मलकापूरच्या पश्चिमेस जांभ्याची तांबडी माती असून पावसाळ्यात तिचा चिखल गाडीच्या तळाला थापला जातो. सुकलेला चिखल व झिरपलेला द्रव यांत गफलत होऊ नये म्हणून तो भाग पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावा. मातीचा डाग पाण्याने सुटतो, तेलाचा सुटत नाही. ओल्या जमिनीवर तेलाचा एकच थेंब पसरून इंद्रधनुषी पापुद्रा दिसतो, त्यावरून गळतीचे प्रमाण ठरवू नये.

गळतीचे स्थान शोधणे : द्रव जेथे टिपकतो तेथूनच तो निसटत असतो असे नाही. तो कवचावरून उतरत सर्वांत खालच्या टोकाशी जमतो आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलला जातो. म्हणून सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला बिंदू शोधावा. त्यासाठी गार झालेली पेटी साबणाच्या पाण्याने किंवा वंगणमल काढणाऱ्या विद्रावकाने स्वच्छ धुऊन कोरडी करावी. या कामी पेट्रोल कधीही वापरू नये. त्यानंतर पृष्ठभागावर शंखजिऱ्याची पूड हलकेच भुरभुरून गाडी थोडे अंतर चालवावी. पुडीतून ओघळाची रेघ स्पष्ट उमटते.

नेहमीची गळतीस्थाने पुढीलप्रमाणे आहेत : (१) तळाचे तेलपात्र व त्याचे गॅस्केट, (२) निचरा बूच व त्याखालील वायसर, (३) शीतकाकडे जाणाऱ्या नळ्या, त्यांचे जोड व रबरी होज, (४) चाकांकडे जाणारे दंड जेथे बाहेर पडतात तेथील ऑइल सील, (५) गती निवडणाऱ्या दांड्याचे सील व विद्युत् जोडणीची खोबण, (६) एंजिन व पेटी यांच्या सांध्यातील पंपाचे पुढचे सील. याशिवाय वरच्या वायुछिद्रातून द्रव येत असेल, तर पेटीत द्रव जास्त भरला गेला असण्याची शक्यता असते. असा द्रव फेसाळून बाहेर पडतो. एंजिन व पेटी यांच्या सांध्यातून टिपकणारा द्रव एंजिनाचे तेलही असू शकतो.

गळतीची वेळही बोलकी असते. शीतकाच्या नळ्यांत दाब असतो तो एंजिन चालू असतानाच. त्यामुळे सकाळी पुठ्ठा कोरडा आढळला तरी नळी निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. उलट गाडी बराच काळ उभी राहिल्यास परिवर्तकातील द्रव तेलपात्रात उतरून तेथील पातळी वाढते व वरच्या बाजूचे सील तेव्हाच झिरपू लागते.

एक गळती बाहेर दिसतच नाही. द्रवाचा शीतक रेडिएटरच्या आत असल्यास व त्यास भोक पडल्यास शीतनद्रव पेटीत शिरतो. द्रव दुधट गुलाबी दिसणे हे त्याचे किंवा पुराच्या पाण्याने पेटीत प्रवेश केल्याचे चिन्ह होय. अशी गाडी सुरू करू नये. पाण्याने क्लचांचे अस्तर सुटते.

तीव्रता व निर्णय : केवळ ओलसरपणा असून थेंब पडत नसेल, तर भाग पुसून पातळीवर लक्ष ठेवणे पुरेसे असते. थेंब पडत असतील, पण पातळी खुणांच्या दरम्यान व गाडीचे वर्तन नेहमीसारखे असेल, तर दुरुस्ती लांबवू नये व तोवर घाटाचा प्रवास टाळावा. धार लागलेली असणे, गती निवडल्यावर गाडी उशिरा हलणे, एंजिनाचा वेग वाढूनही गाडीचा न वाढणे किंवा जळका वास येणे, यांपैकी काहीही आढळल्यास गाडी मुळीच चालवू नये. तापलेल्या निष्कास नळीवर पडणारा द्रव पेट घेऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. बंद गाडी चालक चाके जमिनीवर ठेवून ओढून नेऊ नये. बहुतेक पेट्यांचा पंप एंजिनावर चालत असल्याने एंजिन बंद असताना वंगण पोहोचत नाही. ती सपाट वाहनावर चढवून नेणे सुरक्षित असते.

घरी करता येण्यासारखी दुरुस्ती : निचरा बूच, तेलपात्राचे गॅस्केट आणि सहज हाताशी येणारे शीतकाचे होज ही कामे साधी हत्यारे व धीर असलेल्या व्यक्तीस जमतात. गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर उभी करून चाकांना उटी लावावी व ती भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये; जॅक घसरून माणसे दगावतात. एंजिन बंद ठेवून द्रव हाताला सोसेल इतका निवू द्यावा.

बुचातून गळती असल्यास वायसर नवा घालावा. बूच अधिक आवळल्यास ॲल्युमिनियमच्या कवचातील आटे जातात. गॅस्केट बदलताना जुना द्रव पात्रात धरून मोजून ठेवावा, म्हणजे तेवढाच नवा भरता येतो. पात्राचे बोल्ट सर्व बाजूंनी थोडे सैल करून एक कोपरा आधी खाली येऊ द्यावा. पात्रातील चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप असणे स्वाभाविक आहे. धातूचे कीस किंवा काळ्या अस्तराचे तुकडे आढळल्यास बिघाड आतला असून गॅस्केट बदलून तो जाणार नाही. दोन्ही पृष्ठभाग न ओरखडता स्वच्छ करावेत. जास्त आवळण्याने बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वाकलेला असल्यास तो ठोकून सपाट करावा. नव्या गॅस्केटमधूनही पुन्हा गळण्याचे ते नेहमीचे कारण असते. उत्पादकाने सांगितले नसल्यास गॅस्केटला चिकटद्रव्य लावू नये, कारण त्याचे कण आत जाऊन गाळणी व झडपा तुंबतात. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, हस्तपुस्तिकेतील परिपीडनाइतकेच आवळावेत.

होजचे टोक चिरले असेल व लांबी पुरेशी असेल, तर तेवढा भाग कापून नव्या क्लिपने ते बसविता येते. मात्र होज बदलावयाचा झाल्यास तो गरम तेल व दाब सोसणाराच असावा, पाण्याचा होज चालत नाही. दंडाच्या सीलसाठी दंड बाहेर काढावा लागतो व हे काम अनुभवी कारागिराचे आहे. पंपाच्या सीलसाठी पेटीच उतरवावी लागते, म्हणून ते घरी करू नये. बाजारात मिळणारी गळतीरोधक मिश्रणे वाळून आक्रसलेल्या रबरास फुगवितात. फाटलेले सील किंवा फुटलेली नळी त्यांनी सांधली जात नाही. ती तात्पुरतीच समजावीत.

पातळी घेणे : द्रव तापला की प्रसरण पावतो, म्हणून पातळी ठराविक तापमानालाच पाहतात. बहुतेक गाड्यांत १५ ते २० किमी. प्रवासानंतर, सपाट जागी, एंजिन चालू व निवडक दांडा ‘पी’ वर ठेवून डिपस्टिक पाहतात. काही उत्पादक एंजिन बंद करून पाहण्यास सांगतात. डिपस्टिक नसलेल्या पेटीत ठरलेल्या तापमानास पातळीचे बूच उघडून पाहतात. ते साधन हाताशी नसल्यास हे काम कार्यशाळेकडे सोपवावे. हस्तपुस्तिकेत सांगितलेल्या विनिर्देशाचाच द्रव थोडाथोडा भरावा. कमी द्रवाइतकाच जास्त द्रवही अपायकारक असतो.

टाकाऊ द्रव : वापरलेले तेल भारतात २०१६ च्या नियमांनुसार घातक अपशिष्टांत मोडते. ते गटारात, शेताच्या बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. अतिवृष्टीच्या प्रदेशात असे तेल ओढ्यांत त्वरित वाहून जाते. बंद डब्यात साठवून ते अधिकृत संग्राहकाकडे पोहोचविणाऱ्या कार्यशाळेस द्यावे.

दुरुस्तीनंतर तळ पुन्हा पुसून कोरडा करावा, जवळच्या सपाट रस्त्यावर गाडी चालवावी आणि पुठ्ठा दोन-तीन रात्री पसरावा. पुठ्ठा कोरडा व प्रवासानंतरची पातळी स्थिर, या दोन्ही गोष्टी एकत्र आढळल्यासच गळती थांबली असे म्हणता येते आणि त्यानंतरच गाडी घाटात न्यावी.