जुनी गाडी दोनदा पाहा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी जळगावात एक जुनी डिझेल गाडी पाहायला गेलो, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मालकाने ती सुरूच करून ठेवली होती. एसी गार, इंजिनाचा आवाज एकसारखा. सौदा झाला. पंधरा दिवसांनी धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगच्या घाटात तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ निघू लागली. मिस्त्रीने इंजिन ऑइलचं झाकण उघडून माझ्या हातात दिलं. आतून ताकासारखा पांढरट, चिकट थर. “हेड गॅसकेट गेलंय भाऊ. ऑइलात पाणी उतरलंय.”

खानदेशात जुनी गाडी घेताना पहिली परीक्षा उष्णतेचीच घ्यायला हवी. कारण साधं आहे. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच इंजिन कामी लावतं, बाकीच्याची उष्णता होते. तिचा एक मोठा वाटा सायलेन्सरमधून जातो, दुसरा रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. इंजिनातलं कूलंट साधारण ९० अंशांवर फिरतं. थंडीत बाहेर २० अंश असतील, तर दोहोंत ७० अंशांचं अंतर असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५वर गेला, की ते अंतरही ४५वर येतं. उष्णता या अंतराच्या प्रमाणात वाहते. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात जवळपास एक तृतीयांश कमी उष्णता टाकू शकतो. त्यात कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी भरलेलं असेल, तर पाणी तापवायच्या रॉडवर बसतात तशी क्षारांची पुटं रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

मग इंजिन तापतं. हेड बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, खालचा ब्लॉक अनेक गाड्यांत बिडाचा. तापमान तेवढंच वाढलं, तरी ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. अती तापलं की हेड वाकतं, मधलं गॅसकेट जागा सोडतं आणि ऑइल, कूलंट व जळालेले वायू एकमेकांत मिसळू लागतात.

हे ओळखायचं, तर गाडीला सकाळी गाठा. मालकाला आधीच सांगा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवा, ते गार हवं. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उसळतं. कूलंट स्वच्छ हवं. गंजट रंग किंवा तेलाचा तवंग नको. ऑइलच्या झाकणाबरोबर डिपस्टिकही पाहा. थंडीच्या दिवसांत, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणावर थोडी पांढरट साय धरू शकते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल, तर मात्र परत फिरा.

आता इंजिन सुरू करा. रेडिएटरचा वरचा पाइप मिनिटभरातच दगडासारखा टणक झाला, तर सिलिंडरमधले वायू पाण्यात शिरत असण्याची शक्यता मोठी. धूरही बोलतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट जळत असू शकतं.

दुसरी भेट भर दुपारी. एसी लावून गाडी वीस मिनिटं उभी ठेवा, पंखा सुरू होतो का पाहा, मग चढावर न्या. काटा मध्यावरून हलता कामा नये. काटा नसलेल्या गाडीत मेकॅनिकच्या स्कॅनरवर तापमान वाचता येतं. फेरी संपली, की गाडी दहा मिनिटं बंद ठेवा, खाली थेंब पडलेत का पाहा आणि पुन्हा सुरू करा.

बाकीच्या गोष्टींना वेळ कमी लागतो. टायरवरचे चार आकडे त्याचं वय सांगतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा. आत चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा, कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघा.

पुढची गाडी पाहायला मी धुळ्यात सकाळी सहाला गेलो. मालकाने दार उघडायच्या आधी बॉनेटवर तळवा ठेवला. पत्रा रात्रीइतका गार होता. दुपारी दोनला मी तीच गाडी लळिंगचा घाट चढवून आणली, आणि मगच किमतीचा विषय काढला.