नक्षीवर बसताना

कोरीव चामड्याची बाइकसीट ही मुळात वेडगळ वस्तू आहे. खपून खपून पानंफुलं कोरायची, रंग भरायचा, कडेनं वादी विणायची आणि मग त्यावर जीन्स घातलेल्या सत्तर-ऐंशी किलोच्या माणसानं बसून खड्ड्यांतून गाडी हाणायची. वरून ऊन, पाऊस, पेट्रोल भरताना सांडलेले थेंब. एवढी नाजूक मेहनत इतक्या निर्दय जागी कोण ठेवतं? तरीही अमेरिकेत हौसेनं चामडं हातात घेणारे पुष्कळजण पट्टा, पाकीट, सुरीचं म्यान अशा पायऱ्या चढत शेवटी सीटपाशी येतात. पट्टा सपाट असतो, त्यावरची चूक पॉलिशखाली लपते. सीटला खोलगटपणा असतो, उंचवटा असतो, कडा वळतात. तिथं कोरणं, शिवणं आणि आकार देणं या तिन्ही गोष्टी एकाच वेळी यावी लागतात.

ही हौस आपोआप वाढलेली नाही. तिच्यामागे एक दुकान आहे. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ गावात १९१९ मध्ये नॉर्टन हिंकली आणि डेव्ह टँडी या दोघांनी बुटांच्या तळव्यांचं चामडं आणि चपलाबूट दुरुस्तीचं सामान विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात बुटांवर रेशन आलं आणि धंदा अडचणीत सापडला. टँडींचा मुलगा चार्ल्स तेव्हा नौदलात, हवाईत होता. लष्करी इस्पितळांत आणि करमणूक केंद्रांत सैनिकांना वेळ घालवायला, बरं व्हायला चामड्याचं काम देत, हे त्यानं पाहिलं आणि वडिलांना कळवलं: आपल्याकडचंच सामान इथं लागतंय. हात दुखावलेल्या, मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाला हातोडी आणि ठसा दिला की तासभर त्याचं लक्ष एका वितीच्या तुकड्यावर खिळतं, हे त्या इस्पितळांना ठाऊक होतं. टँडी बापलेकांना त्यात बाजारपेठ दिसली. १९५० मध्ये भागीदार वेगळे झाले आणि टँडींनी एल पासो व सॅन अँटोनिओ इथं फक्त चामड्याच्या हस्तकलेची दुकानं काढली. सोबत टपालानं माल मागवायचा कॅटलॉग. याच कंपनीनं पुढं १९६३ मध्ये रेडिओ शॅक विकत घेतली. १९७७ च्या टीआरएस-८० या घरगुती संगणकाच्या नावातला ‘टी’ म्हणजे टँडीच. चामडं विकणाऱ्यांनी संगणक विकला, यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही. दोन्हीकडे गिऱ्हाईक एकच होतं: संध्याकाळी गॅरेजमध्ये काहीतरी खुडबुड करणारा माणूस.

दुकान सामान देतं. शिकवायला मात्र माणूस लागतो. तो माणूस अल स्टोलमन. त्याचं ‘हाऊ टू कार्व्ह लेदर’ हे पुस्तक १९५२ चं. त्यात अमुक रेघ कुठून सुरू करायची, ठसा किती तिरका धरायचा, कुठं थांबायचं, हे सगळं चित्रांतून एकेक पायरीनं दाखवलेलं आहे. पुढं पत्नी ॲनच्या साथीनं त्यानं हातशिलाईवर, खोगिरावर पुस्तकं लिहिली. खोगिराचा तर तीन खंडांचा कोश. ‘डूडल पेजेस’ नावाचे सुटे कागद निघत. एका कागदावर एक नक्षी आणि कोणत्या जागी कोणता ठसा मारायचा त्याची खूण. क्राफ्टूल कंपनीच्या ठशांना अक्षर आणि आकडे असत: बी म्हणजे रेघेची एक बाजू दाबून उतार देणारा बेव्हलर, पी म्हणजे पाकळीला खोली देणारा, व्ही म्हणजे पानाच्या शिरा, एस म्हणजे फुलाच्या मधले दाणे, ए म्हणजे मागची जमीन बसवणारा. खोगीर बनवणाऱ्याच्या मनगटात मुरलेली गोष्ट अशी आकड्यांत आली. नेब्रास्कातला शाळामास्तर आणि ओहायोतला ट्रकवाला, दोघांनी उस्तादाचं तोंडही न पाहता तेच गुलाब कोरले. त्यात एकसुरीपणा आला, हा आक्षेप खरा आहे. पन्नास-साठच्या दशकांतले ते पट्टे आणि पर्सा एकमेकांच्या सख्ख्या बहिणी दिसतात. पण शिकण्याचं दार उघडायचं तर थोडा एकसुरीपणा सोसावा लागतो, असं माझं मत.

आपल्याकडे चामड्याच्या हौसेबद्दल जपूनच बोलावं लागतं. इथं हे काम कुणी निवडलेलं नव्हतं. जन्मानं पदरात टाकलेलं होतं. ढोर समाजानं कातडं कमवायचं, चर्मकारांनी चपला-मोटा शिवायच्या आणि बाकीच्या गावानं त्या वापरून करणाऱ्यांना शिवायचं नाही. ज्ञान घरातच राहिलं. लपवलं म्हणून नव्हे, बाहेरच्या कुणी विचारलंच नाही म्हणून. अपवाद झाले ते मुद्दाम, चळवळ म्हणून. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी चपला शिवत. तिथल्याच तुरुंगात शिवलेली एक जोडी त्यांनी जनरल स्मट्स यांना भेट दिली होती. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं, तेही हाच विटाळ मोडण्यासाठी. अमेरिकन गॅरेजमधल्या माणसाला यातलं काहीच ओलांडायचं नव्हतं. त्याच्या आजोबांच्या गावात खोगीर बनवणाऱ्याला मान होता. म्हणून आज पुण्यात किंवा ठाण्यात एखादा आयटीवाला शनिवारी पाकीट शिवायला बसतो तेव्हा ते मला आवडतं, आणि कुठं उभे आहोत याची आठवणही असावी असं वाटतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानला तशाच चपला रॅम्पवर आणल्या आणि गदारोळ झाला. तेव्हा सगळं बोलणं नावाभोवती आणि किमतीभोवती फिरलं. चामडं कमावतात कसं, याबद्दल फार थोडे बोलले.

खरं तर सगळं तिथंच आहे. जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते झटपट होतं, मऊ राहतं, पाण्याला दाद देत नाही आणि म्हणूनच कोरायला निरुपयोगी असतं. ठसा मारा, ते परत वर येतं. कोरायला लागतं ते झाडाच्या सालीत कमावलेलं. अमेरिकेत त्यासाठी सेंट लुईसच्या हर्मन ओकचं नाव घेतात. हा कारखाना १८८१ पासूनचा. कोल्हापुरीचं चामडंही याच कुळातलं, बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरलेलं. सालीतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट धरतं. ओलं असताना तंतू सरकतात, वाळले की सरकले तिथंच राहतात. याच टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की निळाकाळा डाग पडतो आणि तो निघत नाही. म्हणून ठशांना क्रोमचा मुलामा असतो. ज्यांना डागच हवा आहे ते लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये विरघळवून चामड्यावर फिरवतात आणि आतपर्यंत काळं करून घेतात. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच रसायनानं व्हायची.

नवशिक्याला वाटतं की हात वळायला हवा. आधी पाणी कळायला हवं. चामडं स्पंजानं भिजवून किंवा बुडवून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवतात. ओल आतपर्यंत सारखी पसरते. सकाळी उघडून वाट पाहायची. रंग जवळजवळ कोरड्यासारखा झाला, पण गालाला लावलं तर थंड लागतंय, ही वेळ. यापेक्षा ओलं असेल तर ठसा चिखलात पाय रुतल्यासारखा जातो आणि वाळताना भरून येतो. कोरडं असेल तर पातं अडखळतं. बरोबर वेळ साधली की बेव्हलर लागलेली जागा आपोआप गडद तपकिरी होते, रंग न लावता. ही खूण पुस्तकात वाचून समजते, पण ओळखता यायला बरेच तुकडे वाया घालवावे लागतात.

मग स्विव्हल नाइफ. बोटाएवढी दांडी, वर तर्जनी टेकवायला खोबण, खाली छोटं पातं. तर्जनीनं दाब द्यायचा, अंगठा आणि मधल्या बोटानं दांडी फिरवायची, आणि वळण घ्यायचं ते पातं उभं ठेवूनच. काप जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. पातं सारखं पट्ट्यावर घासत राहावं लागतं. आळस केला की ते चामडं कापण्याऐवजी ओढतं. खाली ग्रॅनाइटची लादी हवी. लाकडी टेबलावर अर्धा ठोका टेबलच खातं. सगळं संपल्यावर शेवटचे शोभेचे काप येतात, ज्यांना कसलाही ठसा लागत नाही. फुलाच्या पाकळीत एकाच दमात जाड सुरू होऊन केसासारखे बारीक संपणारे ते काप पाहिले की कोरणारा किती वर्षांचा आहे ते कळतं. वायोमिंगमधल्या शेरिडन गावची नक्षी यासाठीच ओळखली जाते. तिथल्या डॉन किंग यांनी ती घडवली: लहान फुलं दाटीनं, प्रत्येक वेल गोल फिरून दुसऱ्या गोलात गुंतलेली, मधली जमीन अगदी थोडी. मेक्सिकोतून, त्याआधी स्पेनमधून आलेल्या खोगिराच्या फुलकामाला किंग यांनी जी शिस्त लावली तिला तोड नाही. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला.

शिलाईबद्दल थोडक्यात. एकच मेण लावलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया, आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जायच्या. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा धागा एकमेकाला अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. इथं एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. आपले चर्मकार हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत.

आता सीट. आधी पॅन, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर बसणारा स्टीलचा किंवा फायबरचा तळ. बॉबर पद्धतीच्या, म्हणजे जास्तीचे भाग काढून सुटसुटीत केलेल्या गाडीला सोलो, म्हणजे एकट्याची सीट असते: पुढं एका बोल्टवर खिळलेली, मागं दोन स्प्रिंगांवर तोललेली. पॅनवर दाट फोम चिकटवतात आणि कडेला ग्राइंडरनं घासून निमुळता करतात. बाहेरून दिसणारा सगळा डौल या घासण्यात ठरतो; फोमची कड जाड राहिली तर वरची नक्षी कितीही सुंदर असो, सीट उशीसारखी दिसते. वरचं चामडं आठ-नऊ औंसांचं, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आसपास (या धंद्यात एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग). ते भिजवून पॅनवर ओढून बसवायचं, कडेची रेघ मारायची.

आणि इथं उस्तादांत दोन तट पडतात. काहीजण आधी आकार देतात, मग काढून सपाट करून कोरतात, मग पुन्हा बसवतात. दुसरे आधी सपाट कोरतात. कोरताना चामडं पसरू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावतात, आणि मग नक्षीसकट ओलं करून ओढतात. पहिल्यात नक्षी बसते तिथंच राहते, पण सपाट करताना आकार ढिला होतो. दुसऱ्यात आकार घट्ट येतो, पण ओढलेल्या बाजूचं फूल लांबुळकं होतं. मला दुसऱ्यांचं पटतं. कुठं ताणलं जाणार हे आधीच ओळखून त्या बाजूची पाकळी थोडी आखूड काढणं, ही खरी कारागिरी. मधली रेघ मात्र दोघांनाही जपावी लागते. नक्षी दोन मिलिमीटर सरकली तरी मागून येणाऱ्या गाडीवाल्यालाही दिसते.

पॅनच्या खाली दुसरं चामडं येतं आणि दोन्हींच्या कडा चिकटवून, भोकं पाडून त्यातून वादी ओवतात. मागच्या गोलाईत बाहेरच्या आणि आतल्या कडेची लांबी वेगळी असते, त्यामुळे अंतर मोजून समान ठेवलं तरी वेणी तिरकी पडते. तिथं डोळ्यानंच जुळवावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये मोटरसायकली घडवणाऱ्या इंडियन लॅरीसोबत काम केलेला पॉल कॉक्स या कामासाठी नावाजला. त्याच्या सीटा पाहिल्या की वादी ही केवळ शिवण राहत नाही, तीच रेषा होते. जाणते लोक बसायच्या जागी खोल कोरत नाहीत. तिथं घाम आणि घर्षण. उठाव झिजून गुळगुळीत होतो. नक्षी मागच्या कडेला आणि बाजूंना दाट ठेवतात, मध्ये विरळ.

आपल्याकडे गाडी घेतली की पहिली धाव सीटवाल्याकडे, आणि तिथं रेक्झिन. ते चुकीचं नाही. रेक्झिन पुसलं की झालं. पण स्प्रिंगवाल्या एकट्या सीटची ओढही जुनी आहे. रॉयल एन्फिल्डनं २००९ मध्ये क्लासिक आणली ती याच रूपात, आणि २०२४ मध्ये बॉबर थाटाच्या गाडीला थेट ‘गोअन क्लासिक’ असं नाव दिलं. अशा गाडीला कोरीव सीट शोभेल यात वादच नाही. अडचण सामानाची. कोरण्याजोगं जाड, सालीत कमावलेलं चामडं किरकोळीत सहज हाती लागत नाही. घोड्याच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या कानपूरकडे किंवा चेन्नईकडे बघावं लागतं. बैलांच्या कत्तलीवरही बंदी घालणाऱ्या २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचं कातडंही कमी झालं, त्याची झळ आधी कोल्हापूरला बसली, हौशी मंडळींना नंतर.

दुसरी अडचण पावसाची. सालीचं चामडं पाणी पितं, काळं पडतं, बसलेल्या माणसाच्या वजनानं पसरतं, आणि कोकणात तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यावर पांढरी बुरशी येते. मेण कितीही चोळा, शिवणीच्या भोकांतून पाणी शिरतंच. अमेरिकेतले लोक सीटवर प्लास्टिकची टोपी चढवतात. चार महिन्यांच्या पावसाला ती पुरायची नाही. त्यापेक्षा जूनमध्ये सीट काढून घरात, हवा लागेल अशा जागी ठेवावी, गाडीला रेक्झिनची चढवावी आणि दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या आधी कोरीव सीट पुन्हा बसवावी. पुढचा एक बोल्ट आणि मागच्या दोन स्प्रिंगा, दहा मिनिटांचं काम.