पडणं मात्र खरं

४ मे २०२४ ला गूगलच्या पहिल्या पानावर एका पैलवान बाईचं चित्र झळकलं. ती हमीदा बानू. त्याच्या सत्तर वर्षं आधी, मे १९५४ मध्ये, तिनं बडोद्याला बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट केलं होतं. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला अस्मान दाखवायला तिला पुरतं मिनिटही लागलं नाही. जो आपल्याला हरवेल त्याच्याशी लग्न करू, असं तिनं जाहीर केलं होतं!

मिनिटभरात संपणारी ही झुंज हलत्या पडद्याशिवाय, नुसत्या रेषांत रंगते कशी? निकाल आधीच ठरवून खेळल्या जाणाऱ्या, बायकांच्या व्यावसायिक कुस्तीवरची चित्रकथा मोबाइलवर वाचताना ही किमया कळते. चित्रकार अख्खी फेक काढतच नाही. कमरेला बसलेली पकड, जमीन सोडलेले पाय आणि टेकलेली पाठ, एवढे तीनच क्षण तो निवडतो. मधल्या कोऱ्या जागेतली हालचाल आपला मेंदू भरून काढतो. शिवाय मोबाइलवरच्या चित्रकथा बहुधा वरून खाली उलगडतात. अंगठा सरकतो तशी उचललेली बाई खाली खाली येते. किती वेळ हवेत ठेवायची, ते चित्रकार दोन चौकटींमधल्या अंतरानं ठरवतो आणि तिला पाडतो मात्र वाचक!

परळ-लालबागच्या तालमीत घाम गाळलेला माणूस म्हणेल, ‘निकाल आधीच ठरलेला, म्हणजे ही नुरा कुस्तीच की!’ हा संशय जुना आहे. हमीदा बानूची रामचंद्र साळुंके यांच्याशी होणारी कुस्ती रद्द झाली, तेव्हा तिनं मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. आक्षेप ती बाई असण्याला नाही; आयोजक तिच्यासमोर नावापुरते पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत, असं उत्तर त्यांनी दिलं.

पण नुरा कुस्ती आणि आजची व्यावसायिक कुस्ती यांत मोठा फरक आहे. नुरा कुस्ती खरी म्हणून खपवली जाते, ती फसवणूक. व्यावसायिक कुस्तीत मात्र जाणत्या प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं. परळच्या दामोदर नाट्यगृहात खलनायकाचा शेवट माहीत असूनही गिरणगाव श्वास रोखून बसायचं, तसंच हे.

आणि पडणं खोटं नसतं. फेकली जाणारी पैलवान स्वतः उडी मारून समोरचीला साथ देते. हनुवटी छातीशी घट्ट धरते, श्वास सोडते आणि पाठ सपाट टेकवताना दोन्ही हात जमिनीवर आपटते. आघात एका जागी न बसता अंगभर पसरतो. रिंगमधल्या गादीखालच्या लाकडी फळ्या थोड्या लवतात, काही मार त्या घेतात. तरीही ठणका उरतोच. एकीनं आपला जीव दुसरीच्या हाती सोपवायचा आणि दुसरीनं तो अलगद सांभाळायचा, तेही हाडवैर दाखवत! उत्तम चित्रकथा हा विश्वासच रेखाटते. म्हणून तिच्यात वैरिणींच्या मैत्रीची गोष्ट इतकी खुलते.

पैलवान बायकांच्या गोष्टींची वाण आपल्याकडे नाही. कोल्हापुरात पुरुषाला हरवल्यावर हमीदा बानूवर दगड आले; उतारवयात ती कल्याणला राहिली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्याच वैष्णवी पाटीलला नमवून गदा पटकावली. एवढा ऐवज हाताशी असताना आपल्या पैलवान मुलींवर दीर्घ मराठी चित्रमालिका हवीच. लालबाग-दादरच्या तरुण चित्रकारांनो, आधी एखाद्या तालमीत जाऊन मुलींचा सराव नीट बघा आणि मग पेन्सिल उचला.