बस्ता बांधायचा, पण कुठे? दुकानात की मोबाइलवर?

लग्नसराई जवळ आली की मराठी घरात एक शब्द हमखास ऐकू येतो, बस्ता. तुम्ही पुण्यात राहत असा, बडोद्यात, इंदूरला की बेंगळुरूला, बस्त्याचा दिवस ठरतो, दोन्हीकडची माणसे जमतात आणि नवरीच्या शालूपासून मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोपीपर्यंत सगळी खरेदी एका बैठकीत होते. अलीकडे मात्र घरातली तरुण मंडळी म्हणतात, ‘‘कशाला एवढी वणवण? मोबाइलवर सगळं मिळतं.’’

माझ्या भाचीच्या लग्नात आमच्याकडेही हेच झाले. आम्ही सगळे इंदूरला, भाची नोकरीसाठी बेंगळुरूला. तिला सुट्टी मिळत नव्हती. रात्री कामावरून आल्यावर तिने मोबाइलवरच बरीचशी खरेदी उरकली. त्यात आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, एक पैठणीही होती. ‘अस्सल हातमागाची’ असे तिथे लिहिलेले होते. किंमतही तशीच होती. पार्सल इंदूरला आले आणि खोक्यासकट कपाटात गेले. दीड महिन्याने फॉल लावायला साडी बाहेर काढली, तेव्हा आईने आधी काय केले असेल? पदर उलटा करून पाहिला. मग घडी घालून बाजूला ठेवली आणि एवढेच म्हणाली, ‘‘मशीनवरची आहे. पोरीला सांगू नका, तिने हौसेने घेतलीय.’’

पदराची उलटी बाजू

हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा वेल हा एकेक रंगाचा धागा हाताने गुंफून विणलेला असतो. म्हणून तो उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या साडीत मागे धागे मोकळे सुटलेले किंवा कापलेले दिसतात. येवल्यातला विणकर हे एका मिनिटात दाखवून देईल. पण मोबाइलवरच्या फोटोत उलटी बाजू क्वचितच असते. तिथे मॉडेल असते, झुंबर असते आणि खाली लिहिलेले असते, ‘फक्त 2 शिल्लक’.

या ‘फक्त 2 शिल्लक’ला भुलू नका. खरी परिस्थिती तशी नसताना ग्राहकाला अशी घाई करायला लावणे चुकीचेच आहे. केंद्र सरकारने 2023मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या अशा 13 क्लृप्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली, त्यात ही खोटी घाईसुद्धा आहे.

आमची मोठी चूक म्हणजे पार्सल वेळेवर उघडले नाही. परत करण्याची मुदत 7 दिवसांची होती, ती केव्हाच संपली होती. तुम्ही लग्नासाठी आधीपासून कपडे मागवत असाल तर पार्सल आले त्याच दिवशी उघडा, उजेडात पाहा, अंगाला लावून पाहा, उघडताना व्हिडिओ काढा.

तरीही मुदत संपली म्हणून लगेच हात टेकू नका. ई-कॉमर्सच्या 2020च्या नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. तिथे काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहेच. आम्ही हे सगळे केले. साडी परत गेली, पैसे मिळाले. अर्थात भाचीला सांगावेच लागले. ती फोनवर रडली आणि दुसऱ्या दिवशी साहेबांशी भांडून 2 दिवसांची सुट्टी घेऊन इंदूरला आली.

दुकानाची पायरी चढल्यावर

राजवाड्याजवळच्या गल्ल्यांमध्ये साड्यांच्या दुकानात तुम्ही कधी गेला असाल तर ते दृश्य डोळ्यांसमोर येईल. पांढरी चादर अंथरलेली गादी, चपला बाहेर आणि समोर एकामागून एक उलगडत जाणाऱ्या साड्या. आईच्या गुडघ्यांमुळे ती 3 वर्षे बाजारात आली नव्हती. दुकानदाराने तिला पाहताच खुर्ची मागवली. ‘‘माताजी, आप यहाँ बैठिए.’’

मग ती बोटांनी कापड चाचपायला लागली. पोत कसा आहे, झोळ कसा पडतो, पन्हा पुरेसा आहे का? आमची भाची उंच, तिला पन्हा कमी असलेली साडी घोट्याच्या वर राहते. साइटवर लांबी लिहिलेली असते, पन्ह्याचा उल्लेख बहुधा नसतो. ट्यूबलाइटखाली राणी रंगाची वाटणारी साडी दुकानदाराने दाराशी नेली, तर उन्हात ती चक्क जांभळट निघाली. हे फोटोत कसे कळणार?

तिथेच आईने नातीला महेश्वरीचा काठ उलटून दाखवला. महेश्वर इंदूरहून 2-3 तासांवर, पण पोरीला हे ठाऊकच नव्हते की महेश्वरीचा पारंपरिक काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो. पुढचा अर्धा तास दोघींनी मिळून दुकानातल्या साड्या उलट्या करण्यात घालवला. दुकानदार हसत होता, त्याच्या मदतनिसाचा चेहरा मात्र पडला होता. घड्या त्यालाच घालायच्या होत्या.

पण दुकाने म्हणजे सगळे गोडच असे मी म्हणणार नाही. अंगाने जरा भरलेल्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ‘‘तुमच्या मापात नाही येणार’’ असे चारचौघांत सांगणारे विक्रेते मी पाहिले आहेत. माझी जाऊ याच कारणाने कुर्ते आता ऑनलाइनच घेते आणि मला तिचे पूर्ण पटते. घरच्या आरशासमोर, दार लावून घालून पाहायचे, नाही बसले तर परत पाठवायचे. शिवाय एका ब्रँडचा एम दुसऱ्याच्या एलएवढा असतो, त्यात तिचा काय दोष? भारतीय शरीरयष्टीनुसार मापांचा तक्ता बनवण्यासाठी निफ्ट या संस्थेने हजारो लोकांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला तो उगाच नाही. तोवर साइटवरचा साइज चार्ट इंचांत वाचा आणि स्वतःच्या नीट बसणाऱ्या कुर्त्याशी टेपने ताडून पाहा.

मुलांचे शाळेचे मोजे, पेटीकोट, नेहमीच्या ब्रँडची लेगिंग, हे मीही मोबाइलवरच मागवते. त्यासाठी भर उन्हात बाजारात कोण जाणार? पण रेशीम, हातमाग आणि ज्याचा रंग दुसऱ्या कशाशी जुळवायचा आहे असे काहीही मी दुकानातच घेते. रेशमी साडीवर सिल्क मार्कचे लेबल आहे का ते विचारते. आणि बिल घेतेच. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले असले तरी घाबरू नका. सदोष माल बिलातल्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणे, ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. नुसता रंग नंतर आवडला नाही ही मात्र तक्रार होत नाही. म्हणून सोबत अशी व्यक्ती न्या, जी तोंडावर ‘‘नाही गं शोभत’’ म्हणेल. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, तेव्हा विक्रेता थकलेला नसतो.

आम्ही निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. नवरीचा शालू झाला, मानपानाच्या साड्या झाल्या. आईसाठी काहीच घेतले नाही हे भाचीच्या लक्षात आले आणि ती पायरीवरून परत वळली. आई नको-नको म्हणत होती. भाचीने सकाळपासून आईच्या हाताखाली 3 वेळा येऊन गेलेली अंजिरी महेश्वरी मागितली, काठ उलटून पाहिला आणि मग पैसे दिले.